शेडगेमामांचं चढतं पाणी

आमची मुलगी तीन दिवसांची असताना तिला दवाखान्यातून घरी आणलं. रिक्षातून उतरतोय तोच शेजारच्या फाटकातून शेडगेमामा आले. सासूबाईंच्या हातातून बाळ त्यांनी अलगद आपल्या दोन तळव्यांवर घेतलं, डोळे मिटले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तीन किलो, वर पन्नास ग्रॅम." माझ्या खिशात दवाखान्याचं कार्ड होतं. सकाळीच केलेलं वजन त्यावर लिहिलेलं होतं, तीन किलो. मी मोठ्या ऐटीत कार्ड पुढे केलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आन् अंगावरचं झबलं-टोपरं कोन धरायचं?"

दुसऱ्या दिवशी ते झबलं आणि टोपरं मी डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून काट्यावर ठेवलं. बावन्न ग्रॅम. ही गोष्ट मी बायकोला आजतागायत सांगितलेली नाही.

मला हे लागलं त्याला कारण होतं. मी तळोज्याच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होतो. आमचा काटा काचेच्या पेटीत असे आणि जवळ कुणी शिंकलं तरी हले. बारा वर्षं त्याच्यापुढे बसून मी वजन या विषयाचा अधिकारी झालो होतो, निदान माझी तशी समजूत होती. आणि इथे ऐरोलीत, माझ्या शेजारच्या रो-हाउसमध्ये, हा माणूस आल्यागेल्याची पिशवी उचलून आकडे सांगत होता आणि ते बरोबर येत होते.

मामा साताऱ्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीचे. पस्तीस वर्षं माथाडी म्हणून पाठीवर गोण्या वाहिल्या. आधी मुंबईत, आणि मार्केट वाशीला आल्यावर वाशीत. मान खांबासारखी, पाठीला किंचित बाक, आणि उजव्या खांद्यावर गोणीने पाडलेला कायमचा घट्टा. निवृत्त झाल्यावर उचलायला काही उरलं नाही, म्हणून ते जग उचलत सुटले. भाजीवाल्याचा कोबी, पोस्टमनची पिशवी, माझी स्कूटर. मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर घेऊन त्यांनी मला सांगितलं होतं, "टाकीत पेट्रोल कमी हाय, आज आडकशीला." मी त्या दिवशी रबाळ्याच्या अलीकडे अडकलो.

कुठल्याही विषयावर त्यांचं मत ठरलेलं असे. "उचलून बगा, मग बोला." टीव्हीवर अर्थमंत्री देशावरच्या बोजाबद्दल बोलत असले की मामा पडद्याला म्हणत, "उचललाय का कंदी? मग?" माझ्या बायकोने एकदा मुलं सांभाळणं किती अवघड असतं यावर तक्रार केली, तेव्हा मी काहीतरी शहाणपण सांगायला गेलो. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "काटेवाले, उचलून बगा, मग बोला." मला ते काटेवाले म्हणत. बायको त्या दिवसापासून मामांच्या पक्षात गेली.

असा हा माणूस घरात एकटा राहत असे. हौसामामी, म्हणजे त्यांची बायको, वाडीला. मामा मुंबईत वीस गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहत होते तेव्हा मामी तिकडे शेत, सासू आणि दोन मुली सांभाळत होत्या. आता सासू गेल्या, मुली आपापल्या घरी गेल्या, हक्काचं घर झालं. तरी मामी येईनात. दोनदा आल्या आणि आठ दिवसांत परत गेल्या. "नळाला पानी येतंय, गॅस पेटतोय. मी हितं दिसभर करू काय?" एवढंच त्यांचं म्हणणं.

"दारात पिशवी हातात घेतली तवाच मला कळलं हुतं," मामा म्हणाले. "सव्वाचार किलो. ऱ्हायला आलेल्या बाईची पिशवी सव्वाचार किलोची नसती वो."

आता दिवाळीनंतर त्या पुन्हा येणार होत्या. आणि तोवर मामांना परसात काहीतरी करायचं होतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं वाशीच्या एका हॉटेलात. मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मामांना आमंत्रण होतं, मीही बरोबर गेलो. हॉटेलच्या दालनात एक उंच काळी भिंत होती आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा सारखा खाली घसरत होता. लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. मामा तिथे जे उभे राहिले ते जेवणाचं बोलावणं आलं तरी हलेनात.

"पानी खाली येतंय ते दिसलं," ते म्हणाले. "वर कुठनं जातंय?"

मी म्हटलं, मागे पंप असेल. तेवढ्याने त्यांचं समाधान होईना. त्यांनी वेटरला विचारलं. वेटरने मागे बोट दाखवलं. मामा भटारखान्यातून, भांड्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत भिंतीच्या मागे गेले आणि पाच मिनिटांनी धोतराला आमटीचा डाग घेऊन परत आले. चेहरा पडलेला होता. "नळी भितीत गाडलीया. काय दिसत न्हाई." मग जिलेबी खाताखाता त्यांनी जाहीर केलं की अशी भिंत आपल्या परसात बांधायची.

आमची परसं म्हणजे दहा फूट बाय सहा फुटांचे तुकडे. त्यात तुळस, धुण्याचा दगड आणि कपड्यांची दोरी. मधे कमरेएवढी भिंत. तिथे पाण्याची भिंत ही कल्पना ऐकून मी हसलो, आणि मनातल्या मनात म्हटलं, म्हाताऱ्याला हॉटेलची हौस लागली.

गवंडी म्हणून तळवलीचा जनार्दन आला. गावठाणातला भूमिपुत्र, निम्म्या वसाहतीची प्लास्टरं त्याच्या हातची. त्याचा स्वतःच्या कामावर भारी जीव. मागच्या कंपाउंडला लागून त्याने सहा फुटांची भिंत उचलली, खाली विटांचा हौद, वर सिमेंटची पन्हळ, आणि भिंतीला काळा कुळकुळीत कडप्पा. कडप्प्याच्या लाद्या मामांनी टेम्पोतून स्वतः पाठीवर आणल्या. जनार्दन ओरडत होता, "मामा, कंबर मोरंल!" मामा लादी खाली ठेवून म्हणाले, "एकतीस किलो. ही तर हलकीच हाय."

पहिली चाचणी वैशाखात झाली. मामांच्या हिशेबात जास्त ताकद म्हणजे चांगलं, म्हणून त्यांनी विहिरीवर बसवतात तशी मोटर आणली होती. बटण दाबलं. पाणी पन्हळीतून उसळलं, भिंतीकडे ढुंकूनही न बघता थेट आमच्या परसात आलं आणि माझ्या बायकोने दोन दिवस खपून घातलेल्या कुरडयांवर कोसळलं. बायको त्या दिवशी मामांच्या पक्षातून तात्पुरती बाहेर पडली.

मग पाव हॉर्सपॉवरची मोटर आणली. तर सगळं पाणी डाव्या कोपऱ्यात जाऊन एकच धार पडायला लागली, सार्वजनिक नळ उघडा राहिल्यासारखी. पन्हळीचा काठ केसभर तिरपा होता. जनार्दनने आपली लेव्हलची नळी काढली. गवंड्यांकडे असते ती, आरपार दिसणारी, आत पाणी भरलेली. एक टोक त्याने धरलं, दुसरं मामांनी. दोन्हीकडे पाणी एका रेषेत येईपर्यंत काठ घासला. काठ सरळ झाला, तरी मामा नळीचं टोक सोडेनात. ते हात वर करत होते, खाली करत होते, आणि नळीतलं पाणी चढता-उतरताना बघत होते.

"ह्यातलं पानी दिसतंय," ते म्हणाले.

"दिसनारच ना मामा, प्लॅस्टिक हाय."

मी काय चाललंय ते बघत होतो, पण मला काही उमगलं नाही.

काठ सरळ झाल्यावर पाणी सगळीकडून येऊ लागलं, पण गुळगुळीत कडप्प्यावर ते पसरेना, त्याचे ओघळ होऊ लागले. आमच्या परसात आता रोज संध्याकाळी बैठक भरत असे आणि प्रत्येक जण सल्ला देई. मीही पृष्ठताण या विषयावर पंधरा मिनिटं बोललो. मामांनी ऐकून घेतलं, लादीच्या मागच्या खडबडीत बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उलट्या लावा." जनार्दनला रडू यायचं बाकी होतं. पॉलिश केलेली बाजू आत घालायची म्हणजे काय! पण लाद्या उलट्या लागल्या आणि पाणी त्या खडबडीत दगडाला बिलगून, पातळ चादरीसारखं, सबंध भिंतीवरून उतरलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जनार्दननेसुद्धा.

टाळ्या थांबल्यावर मामा म्हणाले, "आता नळी भाईर काडा."

हौदातून वर जाणारी पाण्याची नळी जनार्दनने रीतसर भिंतीच्या मागे लपवली होती. मामांना ती पुढे हवी होती. भिंतीच्या मधोमध. आणि आरपार दिसणारी.

जनार्दनचा तोल गेला. "मामा, पायप मांगंच लपवाचा असतं. सगली दुनिया तसाच करतं! पुढं लावला त हास्पिटलातले सलाइनसारखा दिसंल. माजा नाव खराब होल."

"वर जाताना दिसलं पायजे."

"लोका पडनारा पानी बगाला येतात, मामा!"

"पडनारं कुनीबी बगंल," मामा म्हणाले. "पडायला काय लागतंय?"

जनार्दनने थापी पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. काम पंधरा दिवस बंद. शेवटी मी त्याची समजूत घालायला तळवलीला जायचं ठरवलं, पण आधी मामांना खडसावायला गेलो. म्हटलं, "मामा, एवढी सुंदर भिंत झालीय. तुम्हाला ती नळी कशाला हवी पुढे?"

मामा हौदाच्या कडेला बसले होते. खांद्यावरचा घट्टा चोळत ते सांगू लागले.

त्यांच्या वाडीला पाणी नव्हतं. ओढा खाली, वाडी वर, मधे उभी चढण. मामी रोज आठ हंडे आणत. डोक्यावर एक, त्यावर कळशी, कमरेवर आणखी एक. मामा वर्षातून दोनदा सुट्टीवर जात, पाहुण्यासारखे. बायकांनी पाणी भरायचं, त्यात बघण्यासारखं काय? एका सुट्टीत मामी तापाने फणफणल्या. मामा म्हणाले, पड तू, मी आणतो.

"क्विंटलची गोनी पाटीवर घेऊन फळीवरनं पळनारा गडी मी, काटेवाले. आन् तिसऱ्या खेपंला चडनीवर मधीच बसलो. हंडा गेला गडगडत खाली. वर बाया उभ्या हुत्या, हसत हुत्या." मामा स्वतःही हसले. "गोनी उचलली की मला मजुरी मिळायची. मुकादम म्हनायचा, शाब्बास शेडगे. तिला कोन म्हनलं? पस्तीस वर्सं मी सगळ्यांला सांगत फिरलो, उचलून बगा, मग बोला. आन् मी सोता एक दिस उचललं."

हौसेची भिंत म्हणून मी जिला हसलो होतो तिच्याकडे आता मला धड बघवत नव्हतं.

"तिला खुर्ची टाकून देनार हितं," मामा म्हणाले. "म्हननार, बस. बग. पानी आपलं आपन चडतंय."

मी त्याच दिवशी तळवलीला गेलो आणि जनार्दनला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि आत बघून आईला हाक मारली. म्हातारी जन्मभर विहिरीवरून खाडीच्या बांधाने पाणी वाहून थकलेली. तिने आपल्या बोलीत त्याला काय सांगितलं ते मला समजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जनार्दन हजर होता. नळी त्याने स्वतः आणली, चांगली जाड, काचेसारखी स्वच्छ, आणि भिंतीच्या मधोमध पितळी पट्ट्या मारून अशी बसवली की मीही बघत राहिलो.

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी हौसामामी आल्या. सडपातळ, ताठ, मान जराही न हलवता चालणाऱ्या. मामांनी दारात पिशवी हातात घेतली आणि कुंपणावरून माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. सव्वाचार.

मग त्यांना परसात नेलं. खुर्ची मांडलेली होती. मामांनी बटण दाबलं. भिंतीवरून पाणी उतरलं. मामी एक क्षण बघत राहिल्या आणि कडाडल्या, "अगं बाई! भितीवर वतताय? भांडं कुठाय?" मामांना काही कळायच्या आत त्यांनी घरातल्या दोन बादल्या आणि एक पातेलं आणून भिंतीला लावलं, पाच मिनिटांत हौद उपसून तुळस, जास्वंद, आमचं अळू, सगळ्याला पाणी घातलं. कोरडी मोटर किंचाळायला लागली. मामांनी बटण बंद केलं आणि खुर्चीवर स्वतःच बसले.

पुढचे पाच दिवस भिंत बंद. मामी घर घासून पुसून झाल्यावर ओसरीवर बसून राहत. मामा समोर बसत. दोघांचं एकमेकांशी काय बोलणं होणार? आयुष्यभर पत्रांतून आणि सुट्टीतून बोललेली माणसं. माझी बायको मला म्हणाली, "जातायत हो मामी परत." मला ते आधीच कळलं होतं, वजनावरून.

सातव्या दिवशी सकाळी मामांनी हौद भरून घेतला आणि पुन्हा मोटर लावली. मी दाढी करत होतो, खिडकीतून सगळं दिसत होतं. मामी पातेलं घेऊन आल्या. मामांनी पातेलं काढून घेतलं आणि बोटाने नळी दाखवली. हौदातून हवेचे बुडबुडे आत शिरत होते आणि पाण्याबरोबर सरसर वर जात होते. मामींनी बुडबुड्याबरोबर मान वर नेली. मग खाली आणली. पुन्हा वर नेली.

"त्येच पानी हाय?"

"त्येच. फिरून फिरून."

"वर कोन नेतंय?"

"मोटर."

मामी खुर्चीवर बसल्या. खूप वेळ बसल्या. माझ्या तोंडावरचा साबण वाळून गेला.

"किती नेती?"

"मिन्टाला एक हंडा. भरल्याला."

मामींनी बोटं मोजली. "म्हंजी माजा अख्खा दिस आठ मिन्टांत?"

मामांचा चेहरा उतरला. ह्याचा हिशेब त्यांनी असा केलाच नव्हता. "तसं न्हाई," ते म्हणाले, "तुजं काम हलकं हुतं असं न्हाई म्हनत मी. मी... मी एक दिस उचलून बगितलं हुतं, हौसा."

"ठावं हाय," मामी म्हणाल्या. "हंडा चेपवून आनला हुता." आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसत राहिल्या, आणि मधेच त्यांनी पदराने डोळे पुसले. मामा वेंधळ्यासारखे उभे होते.

मोटर गुणगुणत होती. त्या पाव हॉर्सपॉवरचा आवाज फार नव्हता, पण फरशीवर ठेवल्यामुळे ती थरथरायची आणि सारखी घरघर यायची. आम्ही पत्रा, पुठ्ठा, टायरचा तुकडा असं सगळं घालून पाहिलं होतं. मामी कान देऊन ऐकत होत्या.

"किती कन्हतंय बिचारं," त्या म्हणाल्या. "वज्याखाली काय दिलंच न्हाई त्येला."

त्या आत गेल्या आणि पिशवीतून कापडाचं एक गोल वेटोळं घेऊन आल्या. हंड्याखाली डोक्यावर घेतात ती चुंबळ. जुनी, घामाने काळी पडलेली, दाबून दाबून पार चपटी झालेली. नळ असलेल्या गावातसुद्धा ती त्यांनी बरोबर आणली होती. मामांनी मोटर उचलली, मामींनी खाली चुंबळ सारली, आणि मोटर तिच्यावर नीट बसली. घरघर थांबली. नुसता पाण्याचा आवाज राहिला.

"आता वाहा तू," मामी मोटरला म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या.

आठव्या दिवशी सकाळी मामा टोपी घालून, दाढी करून तयार होते. वाशीच्या स्टँडवर मामींना सोडायचं होतं. मी निरोप द्यायला गेलो. ओसरीवर पिशवी ठेवलेली होती. मामांनी सवयीने उचलली आणि उचलल्या जागीच थांबले. आतून मामींचा आवाज आला, "ती पिशवी खुट्टीला लावा वो. भाजीला लागंल."

मी विचारलं, "किती, मामा?"

मामांनी पिशवी खाली ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून ते तिच्याकडे बघत राहिले.

"लई हलकी हाय वो, काटेवाले," ते म्हणाले, आणि आकडा काही त्यांना सांगता आला नाही.